स्पॉटरच्या शेजारी

सुधाकर गेला त्याला आज सहा आठवडे झाले. बातमी आली तेव्हा मी मॉरिसव्हिलच्या इंडियन ग्रोसरीबाहेर तांदळाची पिशवी डिकीत टाकत होतो. फोन वाजला आणि स्क्रीनवर प्रज्ञाचं नाव आलं. सुधाकरची ही मुलगी मला कधी फोन करत नाही, मेसेज टाकते. नाव पाहून मी पिशवी तशीच धरून उभा राहिलो, आणि ते सुधाकरच्या काळजीने नव्हतं. मला वाटलं, हिला कळलं. मग ती म्हणाली, "काका, बाबा गेला... इन हिज स्लीप. आई सकाळी उठवायला गेली, तर..." लिहायला लाज वाटते, पण त्या क्षणी मला हायसं वाटलं. तीस वर्षांचा मित्र गेल्याचं दुःख त्यानंतर आलं. गाडीत बसून मी लहान मुलासारखा रडलो, तरी तो पहिला क्षण काही पुसला जात नाही. गेल्या उन्हाळ्यापासून मी त्या मुलीपासून एक गोष्ट लपवून ठेवली होती. रेसमध्ये तिचा बाप तिचे डोळे होता, आणि त्याचेच डोळे जात चालले आहेत हे मला माहीत होतं.

सुधाकर नागपूरचा, मी पुण्याचा. एवढ्या भांडवलावर आम्ही तीस वर्षं एकमेकांची खेचली. नॉर्थ कॅरोलायनात तो शिकायला आला तेव्हा त्याच्या लॅबमध्ये रॉय नावाचा एक म्हातारा मशिनिस्ट होता. त्याने एका शनिवारी या काळ्यासावळ्या पोराला पिकअपमध्ये घातलं आणि तासाभरावरच्या एका छोट्या ट्रॅकवर नेलं. तिथे दिसायला रस्त्यावरच्या वाटतील अशा गाड्या लंबगोल ट्रॅकवर सारख्या डावीकडे वळत शंभर-दीडशे फेऱ्या मारतात. यालाच स्टॉक कार रेसिंग म्हणतात. मला हा प्रकार आधी खुळचटपणाच वाटे. गोल फिरायचं आणि परत तिथेच यायचं, त्यात बघायचं काय? सुधाकर मात्र त्या दिवशी जो अडकला तो कायमचा. पुढे त्याला इथल्या एका कंपनीत चांगली नोकरी लागली, वंदनावहिनी आल्या, घर झालं, घरात सकाळची बुद्धवंदना कधी चुकली नाही आणि शनिवारचा ट्रॅकही चुकला नाही.

जुन्या रेसिंगबद्दल तो बोलायला लागला की आमच्या पॉटलकच्या जेवणांत लोक हळूच दुसऱ्या टेबलाकडे सरकत. मी सरकत नसे, कारण मला तो चिडलेला आवडे. रॉयने सांगितलेल्या गोष्टी तो स्वतः पाहिल्यासारख्या सांगायचा. तेव्हा शोरूममधली गाडी घ्यायची, आतलं सामान काढून टाकायचं, दारं वेल्डिंगने बंद करायची आणि उतरायचं. आठवडाभर कापडगिरणीत राबणारा माणूस शनिवारी तीच गाडी हाकायचा, आणि वाकलेला पत्रा रविवारी झाडाखाली ठोकून सरळ करायचा. कोपर खिडकीबाहेर, तोंड उघडं, आणि बाजूला कोण आलंय ते मान वळवून स्वतः बघायचं. "आता पाह्य," तो म्हणायचा, "सगळ्या गाड्या एकाच साच्यातल्या. पार्ट मंजूर यादीतून आणायचे, तपासणी कॅमेऱ्यानं, सराव कॉम्प्युटरवर. कंपनीचं नाव तेवढं पुढच्या टोकाला चिकटवून राहिले." मी म्हणायचो, "मग बघतोस कशाला?" यावर तो मला पुणेकर म्हणून दोन शिव्या देऊन परत तेच सुरू करायचा.

पण तो भोळा नव्हता. पहिल्याच शनिवारी मैदानातल्या कितीतरी ट्रकांवर, गुलामगिरी टिकवायला लढलेल्या जुन्या दक्षिणेचे मोठाले झेंडे फडकताना त्याने पाहिले होते. ते कशाचे, हे त्याला रॉयने सांगितलं नाही, आणि त्याला विचारावंही लागलं नाही. "आपल्याले वास येतो बे," तो मला एकदा म्हणाला, "कुठं उभं राहायचं अन् कुठं नाही." कित्येक वर्षं तो स्टँडच्या एका ठरावीक टोकालाच बसत असे, रॉयच्या शेजारी. आता बऱ्याच ठिकाणी ते झेंडे आणायला बंदी आहे, आणि त्याच ट्रॅकवर त्याची लेक गाडी चालवत होती. जुन्या काळात तिला कुणी गेटच्या आतही घेतलं नसतं, हे तो कबूल करायचा. फक्त गाड्यांचा विषय निघाला की कबूल करायचा नाही.

प्रज्ञा इथेच जन्मलेली. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत नाहीतर अर्ध्यामुर्ध्या मराठीत. छोट्या कार्ट गाड्यांमधून सुरुवात करून ती विशीत मोठ्या गाडीपर्यंत आली. दिवसा नोकरी, संध्याकाळी बापाबरोबर गराज. ती मोठ्या गाडीत बसणार म्हटल्यावर जुन्या काळाच्या या भक्ताने बाजारातली सगळ्यात नवी, सगळ्यात मजबूत सीट आणली. अशा सीटला ड्रायव्हरच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना जाड पंख असतात, आणि हेल्मेट पट्ट्यांनी खांद्याला जखडलेलं असतं, म्हणजे गाडी आदळली तरी मान मोडत नाही. पण मग मान वळतही नाही. ड्रायव्हरला समोरचं दिसतं, आरशातलं थोडंफार दिसतं, आणि बाजूला गाडी घासत असली तरी तिचा पत्ता नसतो. म्हणून प्रत्येक गाडीचा एक माणूस वर, स्टँडच्या छपरावर उभा राहून रेडिओवर सांगत असतो... आतल्या बाजूला गाडी आहे, अजून आहे, क्लियर, म्हणजे बाजू मोकळी. त्याला स्पॉटर म्हणतात. सुधाकर स्पॉटरांना कायम हसायचा. ड्रायव्हरला डोळे नाहीत का, म्हणायचा. ती सीट स्वतःच्या हातांनी बोल्ट करून झाल्यावर तो माझ्याकडे बघून म्हणाला, "पोरीचे डोळे मीच बांधले बे. आता मलेच उभं राहावं लागंल." आणि चार वर्षं तो उभा राहिला. मी शेजारी एक जास्तीचा हेडफोन लावून फुकटचा उभा असे. त्या छपरावर त्याच्याइतका कमी आणि त्याच्याइतका शांत बोलणारा स्पॉटर नव्हता. प्रज्ञा दर वेळी एकच शब्द म्हणायची, "कॉपी." म्हणजे ऐकलं, समजलं.

गेल्या जुलैत त्याने मला एका सकाळी डोळ्यांच्या दवाखान्यात सोडायला सांगितलं. तपासणीच्या थेंबांमुळे परत येताना गाडी चालवता येत नाही, म्हणून. मी समजलो, चष्म्याचा नंबर असेल. बाहेर आला तो काळा चष्मा लावून, आणि गाडीत बसून आधी पट्टा लावला. मग म्हणाला की उजव्या डोळ्याच्या मधोमध डाग आलाय, डाव्यातही सुरुवात आहे, वीस वर्षांच्या डायबेटिसने हात दाखवला. डोळ्यात इंजेक्शनं घ्यायची होती, दर महिन्याला. मी विचारलं, "आणि शनिवारी?" तो म्हणाला, "सीझनचे सहा शनिवार राहिले. पॉइंट्समध्ये तिसरी आहे ती. सीझन संपला की मीच सांगतो." वंदनाला नाही, प्रज्ञाला तर अजिबात नाही, असं त्याने माझ्याकडून कबूल करून घेतलं. मी दर महिन्याला त्याला नेत राहिलो. एकदा परत येताना मी हायवेवरची पाटी दाखवून सहज विचारलं, काय लिहिलंय? त्याने ती घडाघडा वाचली. तो रस्ता त्याला तीस वर्षं पाठ होता. मला हे तेव्हाच समजलं होतं, आणि तरीही मी गप्प बसलो.

सप्टेंबरातली ती दुपार ढगाळ होती. ट्रॅक करडा, भिंत करडी, आणि प्रज्ञाच्या मागे लागलेली गाडीही नेमकी करडी. वीस फेऱ्या उरल्या होत्या, ती तिसरी होती आणि तिला ट्रॅकच्या उतारावरून खाली, आतल्या कडेला यायचं होतं. सुधाकरने दुर्बीण लावली, खाली घेतली, परत लावली. "आत आहे," तो म्हणाला. "अजून आहे..." पलीकडच्या सरळ पट्ट्यावर दोन्ही गाड्या आमच्यापासून सगळ्यात लांब गेल्या. ती करडी गाडी मागे पडली नव्हती. तिचं नाक प्रज्ञाच्या मागच्या चाकाशी होतं. हे मला दिसत होतं. अगदी स्वच्छ दिसत होतं, आणि माझा हात त्याच्या खांद्यापासून वीतभर अंतरावर होता. सुधाकर म्हणाला, "क्लियर."

मी ओरडायला हवं होतं. निदान त्याचा खांदा तरी ओढायला हवा होता. एवढाच वेळ होता, आणि त्या वेळात माझ्या मनात आलं की हा चार वर्षं करतोय, याला कळत असेल, आपण मध्ये कशाला पडा. आयुष्यभर मी असाच भिडस्त राहिलो, मीटिंगमध्ये, घरात, सगळीकडे. प्रज्ञा म्हणाली, "कॉपी," आणि खाली आली. चाकाला नाक लागलं, तिची गाडी गर्रकन फिरली आणि ड्रायव्हरच्या बाजूने भिंतीवर जाऊन आदळली. आवाज आमच्यापर्यंत थोडा उशिराने आला.

रेडिओवर काही नाही. "प्रज्ञा," सुधाकर म्हणाला. "प्रज्ञा... बोल बेटा." ड्रायव्हरच्या खिडकीला एक जाळी असते. आपण ठीक आहोत हे सांगायला ड्रायव्हर ती आतून सोडतो, आणि सगळा ट्रॅक श्वास रोखून त्या जाळीकडे बघतो. सुधाकरने दुर्बीण खाली टाकली आणि माझं मनगट धरलं. "जाळी पडली का?" मी म्हणालो, नाही अजून. "आता?" नाही. "नीट पाह्य बे... मले दिसून नाही राहिलं." छपरावरचे बाकीचे स्पॉटर आमच्याकडे बघू लागले. त्यांना मराठी कळत नव्हतं, पण तो काय विचारतोय हे कळत होतं. मी धुराकडे बघत राहिलो. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. मग काळ्या हातमोज्यातला हात दिसला आणि जाळी खाली आली. "पडली," मी म्हणालो. सुधाकर तिथेच पत्र्यावर खाली बसला.

दोन बरगड्यांना मुका मार, एवढ्यावर निभावलं. प्रथमोपचाराच्या खोलीत त्याने तिला डोळ्यांचं सगळं सांगितलं, काही हातचं न राखता. "तुला सांगतो," तो शेवटी म्हणाला, "माझ्या आवडीची जुनी गाडी असती, तर आज मी तुझ्याशी बोलत नसतो." प्रज्ञाने छताकडे बघत सगळं ऐकून घेतलं. मग तिने विचारलं, "हू एल्स न्यू?" मी दारात उभा होतो. सुधाकरने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "कोणी नाही," तो म्हणाला. मी त्याही वेळी गप्प बसलो. त्यानंतर तिने पैसे देऊन दुसरा स्पॉटर ठेवला, आणि सुधाकर स्टँडमध्ये बसून हेडफोनवर दोघांचं बोलणं नुसतं ऐकू लागला. बापलेकीत अबोला नव्हता, पण ती त्याच्याशी फार सांभाळून बोलायची. ते त्याला अबोल्याहून जड गेलं असावं. माझ्याजवळ त्याने त्या दिवसाचा विषय पुन्हा काढला नाही. मी काढायला हवा होता, पण मीही काढला नाही. मार्चअखेर तो झोपेतच गेला. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मी त्याच्याबद्दल दहा मिनिटं बोललो, लोकांना चार ठिकाणी हसवलंही, आणि हे सोडून बाकी सगळं सांगितलं.

परवा रविवारी वहिनींनी गराज आवरायला बोलावलं. प्रज्ञा आधीच तिथे होती, भिंतीवरचे बोल्ट आवळायचे पाने उतरवून डब्यात भरत होती. कोपऱ्यात, लाकडी फळीवर बोल्ट करून ठेवलेली ती सीट होती, अपघातातली. एकदा आदळलेली सीट पुन्हा गाडीत घालत नाहीत, म्हणून ती त्याने घरी आणली होती. "तो रोज यात बसायचा," प्रज्ञा म्हणाली. "आई थॉट ही वॉज गोइंग क्रेझी. बस ना काका, तुझ्या बॅकला बरं वाटेल." मी बसलो. दोन्ही बाजूंचे पंख गालांपाशी आले. समोर गराजचं उघडं दार आणि त्यापलीकडे वहिनींनी पाणी घातलेली कुंडी, एवढंच जग उरलं. उजवीकडे पाने वाजत होते, पण ते कोण वाजवतंय ते दिसत नव्हतं. सीटच्या कापडाला सुधाकरच्या केसांच्या तेलाचा वास होता. तिचा चेहरा दिसला असता तर मी बहुधा तेव्हाही बोललो नसतो.

"प्रज्ञा," मी म्हणालो, "डोळ्यांचं मला माहीत होतं. जुलैपासून. दवाखान्यात मीच नेत होतो." पाने वाजायचे थांबले. "आणि ती करडी गाडी... ती मला दिसली होती. त्याने क्लियर म्हणायच्या आधी." मी मान वळवायला गेलो तर कानाला फोम लागला. ती कुठे उभी आहे, रडते आहे की निघून गेली, काहीच कळेना. या सीटमध्ये तीही अशीच बसायची, एका माणसाच्या आवाजावर भरवसा ठेवून, आणि मी त्याच्या शेजारी उभा असायचो.

"ही टोल्ड मी नोबडी न्यू," ती अखेर म्हणाली. आवाज मला वाटला होता त्यापेक्षा जवळून आला.

"माझ्यासाठी खोटं बोलला."

मग पाने पुन्हा वाजू लागले, एक, दोन, तीन, डब्यात नीट लावल्यासारखे. "सॅटरडेला माझी रेस आहे," ती म्हणाली. "तू येणार. वर, रूफवर. त्या नव्या स्पॉटरच्या शेजारी, जिथे तू बाबाच्या शेजारी उभा राहायचास." आणि मग, कधी नव्हे ते, पूर्ण मराठीत म्हणाली, "आणि दिसलं की बोलायचं, काका. लगेच."

"कॉपी," मी म्हणालो.