हॉलपेक्षा मोठं स्वयंपाकघर

आम्ही नवरा-बायकोनं मिळून शेवटचं काय केलं, तर घर मोजलं. नात सहावीत. शाळेत गणिताचा प्रोजेक्ट: आपलं राहतं घर मोजायचं आणि पुठ्ठ्याचं लहान करून दाखवायचं. मुलगा-सून चाकणला शिफ्टला, म्हणून टेप धरायला आम्ही म्हातारे.

हॉल मी वाचला. एकशे ऐंशी. स्वयंपाकघराशी ही अडून बसली. "अवं, तुमी टोक धरा. माज्या घरात मी वाचणार."

मी ओट्याखाली गुडघ्यावर. ही ओरडली, "तीनशे पाच!" नातीनं लिहून घेतलं.

संध्याकाळी पुठ्ठ्याचं घर उभं राहिलं, तर स्वयंपाकघर हॉलपेक्षा कितीतरी मोठं! मी इंच वाचलेले, हिनं टेपची दुसरी कड, सेंटिमीटर. आमची शाळा चौथीपर्यंत. आकडा दिसला की आम्ही खूश.

ही हसत सुटली. "ऱ्हाऊ द्या! लगीन झाल्यापासनं एवढंच पायजे व्हतं मला."

"एवढ्यात रांधणार कुणाला, हत्तीला?"

"हाय की एक घरात."

तिनं पदर तोंडात कोंबला, मला ठसका लागला. नात रडकुंडीला. "आजी, हसू नको! टीचर म्हणाल्या, चुकलं तर चालेल, पण कसं चुकलं ते वर्गापुढं सांगायचं. मला नाही बोलता येत!"

"माजी आजी येडी हाय म्हणून सांग. गप, उद्या सकाळी परत मोजू."

पहाटे ही उठलीच नाही. झोपेतच गेली. दुपारपर्यंत नदीवर सगळं उरकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुतकाचं घर, गॅस बंद, शेजारणीनं पिठलं-भाकरी आणून ठेवलेली. नात स्वयंपाकघराच्या दारात, डोळे सुजलेले. मी टेप काढला. एक दिवस उशीर झाला, पण मोजायचं ठरलं होतं.

मी ओट्याखाली टोक धरलं, तिनं इंच वाचले. एकशे वीस.

"आता सांग, कसं चुकलं?"

ती पुटपुटली, "आबांनी इंच वाचले, आजीनं सेंटिमीटर..."

"मोठ्यानं. वर्गात मागं बसलेल्यांना ऐकू गेलं पायजे."

तिनं खणखणीत सांगितलं. वर स्वतःच जोडलं, "आणि आजी म्हणाली, एवढंच पायजे व्हतं!" आजीसारखंच, हात नाचवून. मला हसू फुटलं, तिलाही. थांबेना.

माझी बहीण धावत आत आली. "दादा, काल बायकू गेली आन् हसतोस?"

"गणित चाललंय," मी म्हणालो. "खाली बस. हॉल परत मोजायचा ऱ्हायलाय, टोक धर."