काकांना नमस्कार कर

“ईईजी नॉर्मल आहे,” न्यूरॉलॉजिस्ट बाई म्हणाल्या आणि मी मनातल्या मनात देवाला हात जोडले. जरा घाईच केली. ईईजी म्हणजे डोक्याला तारा चिकटवून मेंदूतली वीज मोजतात ती तपासणी. “ही एपिलेप्सी नाही. याला फंक्शनल सीझर्स म्हणतात. झटके खरे आहेत, ती नाटक करत नाही. मनाने फार वर्षं दाबून ठेवलेलं कधीकधी शरीर असं बाहेर काढतं. लहानपणी काही झालं होतं का?”

प्रश्न मुग्धाला होता. उत्तर मी दिलं, “छे हो, लाडात वाढलीय.” माझी सत्तावीस वर्षांची लेक भिंतीकडे तोंड करून पडून होती.

पहिला झटका त्याच्या सहा महिने आधी इथल्या पापाटोएटो उपनगरातल्या हॉलमध्ये आला होता, दिवाळीच्या कार्यक्रमात. आमच्या जुन्या ओळखीचे एक गृहस्थ बऱ्याच वर्षांनी भेटले. मी सवयीने म्हणाले, “मुगू, काकांना नमस्कार कर.” ती वाकली आणि तिथेच कोसळली. पोरीने सकाळपासून काही खाल्लं नाही, असं मी जमलेल्यांना सांगत सुटले.

पुढे एमआरआय, रक्त, पुन्हा रक्त. वेटिंग रूममध्ये मी पोळीभाजीचा डबा घेऊन बसायचे, ती हात लावायची नाही. झटका आला की कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी द्यायचं आणि घड्याळ बघायचं, एवढंच नर्सने शिकवलं होतं. पोटची पोर डोळ्यांदेखत तडफडते आणि आपण मिनिटं मोजतो. यापरती लाचारी मला ठाऊक नाही.

निदानानंतर सायकॉलॉजिस्टकडे जाणं सुरू झालं. चौथ्या की पाचव्या भेटीनंतर, हिल्सबरोतल्या आमच्या घरी मी भांडी विसळत असताना ती म्हणाली, “मम, इट वॉज काका. आय टोल्ड यू. आय वॉज नाइन.”

आठवत नाही असं लिहिता आलं असतं तर किती बरं झालं असतं. आम्ही या देशात नवे होतो, गाडी नव्हती, मी आणि माझे मिस्टर दोघंही शिफ्टवर. रविवारी मराठीच्या वर्गाला तिला हेच काका न्यायचे-आणायचे. एकदा ती म्हणाली, “काका घाण वागतात, मी नाही जाणार.” मोठ्यांबद्दल असं बोलू नये, असं मी तिला बजावलं. आणि पुढच्या रविवारी तिला त्यांच्या पाया पडायला लावलं, माफी म्हणून.

मुग्धाने दिवाणी दावा लावायचं ठरवलं. पोलिसांकडे गेलं की केस सरकारची होते, ही माझी राहील, असं तिचं म्हणणं. वकील बाईंनी समजावलं की इथे उपचारांचा भार सरकारी योजना उचलते, दुखापतीची भरपाई त्या माणसाकडून मागता येत नाही. मागता येतात ते एक्झेम्प्लरी डॅमेजेस, म्हणजे त्याच्या कृत्याची शिक्षा म्हणून कोर्टाने लावलेला दंड. “इतकी वर्षं का थांबलात, हे तिकडची बाजू विचारणारच. तिने तेव्हा कोणाला सांगितलं होतं का?” दोघींनी माझ्याकडे पाहिलं.

मिस्टर गेले, त्यामुळे साक्षीदार मी एकटी. ॲफिडेव्हिट म्हणजे आपल्याच हाताने आपल्या तोंडाला काळं फासणं. तीन आठवडे मी गुडघ्यांची कारणं सांगितली. मुग्धाने एका शब्दाने विचारलं नाही. मग एका सकाळी किचनमध्ये तिला झटका आला. घड्याळ बघता बघता माझ्या लक्षात आलं, मला करता येण्यासारखी एक गोष्ट आहे आणि तेवढीच मी करत नाहीये. दुसऱ्या दिवशी सही केली.

हे वाचणाऱ्या आयांनो, उपदेश करायची माझी लायकी नाही. लेकरू सांगेल तेव्हा हातातलं काम खाली ठेवा, इतकंच. आमचा दावा उभा राहील की नाही, हे वकील बाईंनाही सांगता येत नाही. झटके थांबलेले नाहीत. तरी मुग्धा मला अजून सोबत नेते, याचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

इतक्या वर्षांनी दावा मुदतीत बसतो का, हे ठरवायच्या सुनावणीला काका काठी टेकत आले, शेजारी बायको. “काय वहिनी, बरं आहे ना?” माझे मेले हात आपोआप छातीपर्यंत उठले. मुग्धाने ते पाहिलं आणि कॉरिडॉरमध्येच ती कोसळली. मी तिला कुशीवर वळवलं, माझी शाल डोक्याखाली दिली.

सिक्युरिटीवाला धावत आला. “किया ओरा आंटी,” त्याने माओरीत नमस्कार केला. “शी ऑलराइट? स्किप्ट ब्रेकफास्ट?”

“नो. शी हॅड ब्रेकफास्ट,” मी म्हणाले. माझं इंग्रजी बेताचंच, पण आवाज मोठा आहे. “दॅट मॅन हर्ट हर. शी वॉज नाइन. शी टोल्ड मी, अँड आय डिड नॉट लिसन.”

काकांच्या बायकोने मान वर केली. मी घड्याळ बघत बसले.