दुखण्याला दोन मिनिटं

दुसऱ्याच्या दुखण्याकडे इतक्या मायेने दुर्लक्ष करणारी बाई तलासरीपासून झाईच्या किनाऱ्यापर्यंत शोधली तरी दुसरी सापडायची नाही. व्यायाम करताना कुणी ‘आई गं’ म्हटलं की आमच्या व्यायामाच्या बाई ठार बहिऱ्या होतात. खिडकीबाहेरच्या चिंचेकडे अशा बघत राहतात की जणू त्या झाडाला आज पहिल्यांदाच पानं आली आहेत. तुम्ही आणखी जोरात कण्हलात तर त्या चिंचेच्या वरच्या फांदीकडे बघतात. आणि तोच माणूस कण्हणं सोडून मुकाट्याने उठला, दारापर्यंत चालून परत आला, की बाईंचे कान एकदम उघडतात. टाळ्या वाजवतात, ‘वा काका’ म्हणतात, बाहेर बसलेल्यांना बोलावून दाखवतात. अठ्ठावन्न वर्षांच्या आयुष्यात दारापर्यंत चालल्याबद्दल माझं कौतुक त्याआधी एकदाच झालं असेल, आणि ते मला आठवत नाही.

मी मूळचा जत तालुक्यातला. शिक्षण पाचवी, तेही अर्धं. पाढे चुकले म्हणून गुरुजींनी उठाबशा काढायला लावल्या, तेव्हा विसाव्या उठाबशीला मी शाळा सोडायचं ठरवलं आणि तीच माझी शिक्षणातली शेवटची बैठक. नंतर भांडी घासत, कांदे चिरत, या हॉटेलातून त्या हॉटेलात सरकत महाराष्ट्राच्या शेवटच्या टोकाला, तलासरीजवळच्या हायवेवरच्या एका ढाब्यावर आचारी म्हणून थांबलो. इथून पुढे गुजरात, म्हणून थांबलो. नाहीतर आणखी पुढे गेलो असतो. शेठ गुजराती. आचाऱ्याला ते लोक ‘महाराज’ म्हणतात. आयुष्यात कुणी ‘अहो’ म्हटलं नव्हतं, इथे एकदम महाराज झालो. पण महाराजांचा उजवा गुडघा सकाळी खाटेवरून उठायला तयार नसायचा. शेठ भला माणूस. ‘महाराज, बेसी जाव ने’ म्हणायचा. पण बसल्यावर पुन्हा उठायचं कसं, हे त्यालाही माहीत नव्हतं.

या गुडघ्याची एक गोष्ट आधीच कबूल केलेली बरी. गावी माझी थोरली बहीण आहे, आक्का. आई दिवसभर रानात, म्हणून तिनेच मला वाढवलं. अकरा वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा मी तिसऱ्या दिवशी पोचलो. आक्का एका शब्दाने बोलली नाही, पुढ्यात ताट ठेवलं. ते न बोलणं मला सोसलं नाही. तिने चार शिव्या दिल्या असत्या तर मी दर दिवाळीला गेलो असतो. त्यानंतर भाऊबीजेला तिचा फोन आला की मी म्हणायचो, ‘आक्का, गुडघा धरलाय, गाडीत बसवत नाही.’ तेव्हा माझे दोन्ही गुडघे घोड्यासारखे होते. तीन वर्षं हेच सांगितलं, आणि चौथ्या वर्षी गुडघा खरंच धरला. देवाकडे उशीर होतो, पण नोंद राहते. आता आक्का सत्तरीची, आणि मी आज ना उद्या जाईन या आशेवर बसलेली. आणि मी गुडघ्याच्या आड लपलेला. गुडघा बरा झाला तर जावं लागेल, नाही झाला तर महाराजपद जाईल. अशा कात्रीत मी बाईंकडे पोचलो.

बाई मूळच्या डहाणूच्या, रेल्वेत नोकरी केलेल्या घरातल्या, वयाने माझ्या मुलीसारख्या. मंगळवारी आणि शुक्रवारी स्कूटीवरून तलासरीच्या एका दवाखान्याच्या मागच्या खोलीत यायच्या. खोलीत मशीन नाही, वायर नाही, निळा दिवा नाही. दोन खुर्च्या, एक बाक आणि भिंतीला लावलेला बांबू. मी एक्स-रे घेऊन गेलो होतो. तो एक्स-रे मी प्लास्टिकच्या पिशवीत असा जपला होता, जसा लोक लग्नाचा अल्बम जपतात. ढाब्यावर येणाऱ्या निम्म्या ड्रायव्हरांनी तो ट्यूबलाइटसमोर धरून पाहिला होता. ‘ग्रीस संपलंय, महाराज,’ हे सगळ्यांचं एकमत होतं, आणि ड्रायव्हरांनी सांगितलेलं ग्रीस खोटं कसं असेल? मी बाईंनाही तेच सांगितलं. त्यांनी फोटो पाहिला, रिपोर्ट वाचला, पायऱ्या कशा चढतो, किती वेळ उभा राहतो, रात्री झोप लागते का, सगळं विचारलं, पाय हलवून बघितला. मग एक्स-रे पिशवीत घालून परत दिला.

“हा तुमच्या गुडघ्याचा फोटो आहे, काका. तुमचा नाही. तुम्ही काय ट्रक आहात का, ग्रीस संपायला? सांध्याला वंगण चालण्यानेच मिळतं. घाबरून बसून राहिलात तर मांडी वाळेल, आणि मग गुडघ्याला सांभाळणार कोण?”

त्या दिवशी इतका हिरमुसलो की विचारू नका. सात-आठ वर्षं कमावलेलं दुखणं, आणि या पोरीला त्याची किंमत नाही.

बाईंचा सगळ्यात गाजलेला नियम म्हणजे दुखण्याला दोन मिनिटं. आत गेलं की त्या मोबाइलवर दोन मिनिटं लावायच्या. तेवढ्यात काय दुखतंय ते सगळं सांगायचं, त्या मन लावून ऐकायच्या, लिहून घ्यायच्या. घंटा वाजली की दुखणं बंद. पुढे फक्त मागच्या वेळेपासून काय केलं ते सांगायचं. पाड्यांवरच्या बायका टेम्पोत उभ्या राहून यायच्या, अख्खा दिवस घालून यायच्या, त्या दोन मिनिटांच्या दुखण्यासाठी थोड्याच? पहिल्या महिन्यात त्या बायका बाईंना आपल्या भाषेत काय म्हणाल्या ते मला कळलं नाही, पण सूर कळला. मी स्वतः सव्वा मिनिटात उजवा गुडघा आटोपून डाव्याकडे वळायला शिकलो. पण दोन महिन्यांनी पाहतो तर बाहेरच्या बाकावर गुडघ्याचं नावच नाही. कुणी विहिरीपर्यंत गेली, कुणी वाडीत चिकू निवडायला अर्धा दिवस बसली, यावरून चढाओढ. बाई आतून ऐकत असायच्या आणि चिंचेकडे न बघता हसत असायच्या.

दुसरा नियम असा की ‘गुडघा बरा करायचाय’ असं म्हणायचं नाही. बरा करून काय करायचंय ते सांगायचं. एका म्हातारीला तारप्याच्या नाचात फेर धरायचा होता. ती लाजली नाही, तिने उभं राहून दाखवलं सुद्धा. एका निवृत्त मास्तरांनी बाईंच्या कानात काहीतरी सांगितलं. ते इथे लिहीत नाही, पण ज्यांच्या घरी खाली बसायचा संडास आहे त्यांना आपोआप कळेल. माझी पाळी आली तेव्हा तोंडातून निघून गेलं, “एसटीची पहिली पायरी चढायचीय. गावी जायचंय.” बोललो आणि जीभ चावली. पण बाईंनी ते लिहिलंसुद्धा होतं.

पुढच्या शुक्रवारी बाई तलासरीच्या स्टँडवर शिंप्याची टेप घेऊन उभ्या. गाडी लागली की वाकून पहिली पायरी मोजायच्या. कंडक्टरने विचारलं, बाई, गाडीला परकर शिवताय काय? बाई म्हणाल्या, थोडा वेळ हलली नाही तर शिवते. मी खांबाआड उभा होतो, ओळख दाखवली नाही. एसटीची पायरी आडव्या सहा विटांएवढी भरली. मग ढाब्यामागच्या अर्धवट भिंतीतून विटा काढून, वर फळी टाकून, माझी पायरी तयार झाली, एक ढाब्यावर आणि तशीच एक बाईंच्या खोलीत बांबूपाशी. आधी एक वीट, दोन आठवड्यांनी दुसरी. शिवाय खुर्चीवरून उठबस सहा वेळा, हात न टेकता, सकाळ-संध्याकाळ, आणि ढाब्यापासून पेट्रोल पंपापर्यंत फेरी. सगळं वहीत लिहायचं. बाईंचा जप एकच, “घड्याळाला विचारा, गुडघ्याला विचारू नका. बरं वाटलं म्हणून जास्त नाही, वाईट वाटलं म्हणून कमी नाही. गुडघा सुजला किंवा गरम लागला तर मात्र मला फोन.”

आता मी पडलो उपकाराने वाकणारा माणूस. कुणी पाठीवर हात ठेवला की मला त्याच्यासाठी काय करू आणि काय नको असं होतं. तिसरी वीट जमली तेव्हा बाईंनी अख्ख्या बाकासमोर टाळ्या वाजवल्या. मी ढाब्यावर आलो आणि कृतज्ञतेपोटी चाळीस उठबशा काढल्या. दुसऱ्या दिवशी गुडघा नारळाएवढा. दोन दिवस खाटेवर. शेठने स्वतः डाळ केली, आणि ती खाऊन दोन ड्रायव्हर न बोलता समोरच्या ढाब्यावर गेले. बाईंना कळलं तेव्हा मला वाटलं, निदान म्हणतील, काकांची जिद्द बघा. त्या स्कूटीवरून आल्या, गुडघा हाताने पाहिला, बर्फ लावायला सांगितला, आणि सहाचे चार केले. शाळेत कमी केलं म्हणून शिक्षा व्हायची. इथे जास्त केलं म्हणून कमी करायची शिक्षा. चार उठबशा काढून बसलो की दिवस खायला उठायचा.

तरी सहावी वीट आली. त्या मंगळवारी मी फळीवर उजवा पाय ठेवला आणि वर गेलो. बांबू धरला नाही. बाईंनी टाळ्या वाजवल्या, आणि विचारलं, तिकीट कधीचं काढताय?

मी म्हणालो, आता खुब्यात कळ येते.

बाई मला हसल्या नाहीत. बाकावर झोपवलं, पाय सगळीकडून फिरवून पाहिला, मला एका पायावर उभं केलं. खुबा ठणठणीत होता. अशा वेळी आपला सांधा इतका निरोगी असावा याचं मला फार वाईट वाटलं. मी डाव्या घोट्याविषयी सुरुवात केली, पण ती मलाच पटेना. मग खाली बघत सगळं सांगितलं. आईचं, तिसऱ्या दिवसाचं, ताटाचं, आणि धडधाकट पायांनी तीन वर्षं सांगितलेल्या खोट्याचं. दोन मिनिटं कधीच होऊन गेली होती. बाईंनी मोबाइल उलटा ठेवला होता.

“भीती वाटते ना जायची?” त्या म्हणाल्या. “वाटू दे. ती जाईपर्यंत थांबलात तर इथेच म्हातारे व्हाल. रोज बहिणीला एक फोन करायचा. दोन मिनिटं. गुडघ्याचं बोलायचं नाही. आणि बरं वाटलं म्हणून तीन नाही.”

फोनचाही असा व्यायाम सुरू झाला. पहिल्या दिवशी मी पावसापाण्याचं विचारलं आणि तोंड आलंय, बोलवत नाही, असं सांगून ठेवून दिला. चौथ्या दिवशी आक्काला संशय आला. अकरा वर्षांत सणालासुद्धा स्वतःहून फोन न करणारा भाऊ रोज बोलायला लागला म्हटल्यावर कुणालाही येईल. ती म्हणाली, “खरं सांग, कसला रोग झालाय तुला?” मी म्हणालो, कसलाच नाही. ती म्हणाली, मग गुडघा? त्यावर बोलायला मनाई होती. त्यामुळे नाइलाजाने तोंडातून निघालं, “मी यायलोय. पुढच्या बेस्तरवारी.” पलीकडे तिने हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, बरं.

त्या गुरुवारच्या आदल्या दिवशी मी निघालो. बाई स्टँडवर आल्या होत्या. त्यांची बदली झाली होती, जव्हारकडच्या दवाखान्यात. तलासरीतला तो त्यांचा शेवटचा आठवडा होता. मी निरोपाचं दोन ओळींचं भाषण पाठ केलं होतं, पण त्यांचं लक्ष माझ्या तोंडाकडे नव्हतंच, पायाकडे होतं. मी चढलो. त्यांनी मान हलवली. गाडी सुटली तेव्हा मी खिडकीतून हात केला, तर त्या एका लंगडत येणाऱ्या अनोळखी म्हाताऱ्याच्या पायांकडे बघत होत्या.

ठाण्याला बदललं, सांगलीला बदललं, जतला बदललं. या तिन्ही ठिकाणी मी उतरलो असं म्हणणं खोटं होईल. गर्दीने मला उतरवलं. गावच्या फाट्यावर मात्र उतरणारा मी एकटाच. गाडीच्या दारात आलो आणि खाली पाहिलं, तर पाय पुढे जाईना. बाईंनी उतरणंही शिकवलं होतं, विटांवरून हळू, आधी दुखरा पाय खाली. पण ते मी कधी मनावर घेतलं नव्हतं. चढायचं म्हणजे निघायचं, तेवढं जमण्यासारखं होतं. उतरायचं म्हणजे पोचायचं. मागून कंडक्टर म्हणाला, पाव्हणं, रात इथंच काढताय का?

आक्का लिंबाखाली उभी होती. कोणती गाडी हे मी सांगितलं नव्हतं, म्हणून ती सकाळपासून प्रत्येक गाडी बघत होती. माझ्या आठवणीतल्यापेक्षा बरीच बुटकी. ती दारापाशी आली, वर बघितलं, आणि खांदा पुढे केला.

“ये खाली,” म्हणाली. “मी हाय की.”

मी तिच्या खांद्यावर हात ठेवून उतरलो. नीट नाही, तिरका, पण उतरलो. पिशवी तिने घेतली, ती मी परत घेतली, मग पुन्हा तिने. फाट्यापासून घर म्हणजे हाकेच्या अंतरावर. आम्ही निघालो, आणि थोडं गेल्यावर माझ्या लक्षात आलं की तीही डाव्या पायावर झुकत चालतेय, आणि हे तिने अकरा वर्षांत एकाही फोनवर सांगितलेलं नाही. ती हळू चालत होती, मी हळू चालत होतो, आणि कोण कुणासाठी हळू चालतंय, हे घर येईपर्यंत दोघांपैकी कुणीच विचारलं नाही.