दाजींचा जपानी खटला

जपानी भाषेचा एक शब्द कळत नसताना जपानी कायद्यावर अधिकारवाणीने बोलणारा माणूस जगात एकच झाला, आणि तो नेमका माझ्या बहिणीच्या नशिबी आला. आमचे दाजी मूळचे परभणीकडचे, पण उमर गेली सुरतेत, उधन्याच्या लूमवर, म्हणजे यंत्रमागावर. चौऱ्याण्णवच्या प्लेगनंतर शहर घासूनपुसून लख्ख झालं आणि त्या सुमारास आमच्या गल्लीत केबलची काळी वायर आली. केबलवाल्याने छत्री कुठल्या दिशेला फिरवली देव जाणे, पण चॅनलांच्या शेपटाला एक जपानी चॅनल दिसू लागलं. गल्लीने ते चुकून पाहिलं आणि सोडून दिलं. दाजींनी मात्र त्यातली कोर्टकचेरीची एक मालिका अशी काही धरली, की गुरुवारी संध्याकाळी आमच्या अक्काला स्वतःच्या घरात खोकायचीसुद्धा चोरी झाली.

मालिकेत एक किरकोळ देहाचा वकील होता, काळ्या डगल्यातले न्यायाधीश होते, दर खेपेला एक मुडदा होता, आणि सगळे एकमेकांना वाकून नमस्कार करत होते. खाली अक्षरं यायची तीही जपानीच. दाजींचं त्यावाचून काही अडलं नाही. खाटेवर मांडी ठोकून ते जमलेल्या शेजाऱ्यांना अर्थ सांगत. वकिलाने नुसता पाण्याचा पेला मागितला असला, तरी दाजींच्या भाषांतरात तो म्हणायचा, "साहेब, माझा माणूस गरीब हाय, त्याला फसवायलेत." मध्येच ते आमच्याकडे वळत. "टेबल बडवायलंय का कुणी? वरडायलंय का? जज्जसाहेब बघा, कसे कान देऊन ऐकायलेत!"

दर गुरुवारी आरोपी नवा असायचा. एवढी गोष्ट शेंबड्या पोराच्याही लक्षात आली असती. पण दाजींच्या मते हा सगळा एकच खटला होता आणि तो अजून चालूच होता. आरोपी बदलला, म्हणजे साथीदार सापडला. मुडदा बदलला, म्हणजे साक्षीदार मारायलेत. न्यायाधीश बदलले, तेव्हा त्यांनी सुस्कारा टाकून सांगितलं, "बदली झाली साहेबांची. आता पुन्हा पयल्यापासून." वकील तेवढा तोच कसा, असं मी विचारलं, तर माझ्या भाबडेपणाची कीव करत म्हणाले, "मेव्हणे, त्याची फी चालू हाय ना!"

या विद्वत्तेचं मूळ जपानात नव्हतं, सुरतेच्या कामगार कोर्टात होतं. दाजी ज्या कारखान्यात लूम चालवत, तिथला साडीचा एक ताका हरवला. शेठने चौकशी केली नाही, दाजींना समोर बोलावलं नाही. मुकादमाकरवी गुजरातीत निरोप आला, "हवे जा." आता नीघ. एवढ्या वर्षांच्या चाकरीचा हिशेब दोन शब्दांत आटोपला. दाजींनी दावा लावला. नोकरी परत मिळावी असं कागदावर होतं, पण दाजींना हवं होतं वेगळंच. कुणीतरी मोठ्या खुर्चीवरच्या माणसाने आपलं ऐकून घ्यावं, आपण चोर नाही हे मोठ्याने म्हणावं. पोट भरायला ते दुसऱ्या कारखान्यात धाग्याच्या कांड्या भरू लागले आणि इस्त्रीचा सदरा घालून तारखांना जाऊ लागले. कधी शेठचा वकील गैरहजर, कधी साहेब रजेवर. दाजींना तोंड उघडायची वेळ काही येईना.

मी तेव्हा सुरतेजवळ हजीऱ्याला एका कंपनीच्या स्टोअरमध्ये होतो. तिथल्या जपानी इंजिनिअरांच्या दुभाष्याला एकदा मी या मालिकेबद्दल विचारलं. तो पोट धरधरून हसला. त्या मालिकेत म्हणे दर भागात नवा खटला असतो, आणि तासाभरात निकालही लागतो. हा शोध घेऊन मी गुरुवारी मोठ्या उत्साहाने दाजींची फजिती करायला गेलो. शेजाऱ्यांसमोर सगळं सांगितलं. लोक खो खो हसले. अक्का म्हणाली, "आवं, म्या तर कवाच म्हनलं होतं, हे येगळंच मानूस दिसायलंय!"

दाजी हसले नाहीत. पडद्यावर एक उतारवयाचा आरोपी उभा राहून काहीतरी सांगत होता, बराच वेळ सांगत होता, आणि त्याला कुणी थांबवत नव्हतं. दाजी त्याच्याकडे बघत राहिले.

"म्हंजी एका तासात सुटतेत?"

"हो दाजी."

"आन् त्याच्या आदी त्याला इच्चारतेत? तू केलंस का म्हनून?"

जपानी मलाही येत नव्हतं. तो म्हातारा खून कबूल करत होता की वेळ विचारत होता, मला काय ठाऊक! पण मी म्हणालो, "आत्ता तेच विचारलं, दाजी. तो नाही म्हणाला. साहेबांनी लिहून घेतलं."

"मग बास," दाजी म्हणाले, आणि सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले. त्या दिवशी पुढचं भाषांतर त्यांनी केलं नाही. आम्ही सगळ्यांनी तो भाग काही न कळता शेवटपर्यंत पाहिला.

पुढे एका हिवाळ्यात दाजी न्यूमोनियाने गेले. आजही त्यांच्या आठवणीने आधी हसू येतं आणि मग काही सुचत नाही. ते गेले तेव्हा खटल्याची पुढची तारीख पडलेली होती. त्या तारखेला अक्का कोर्टात गेली. दाव्याचा नंबर पुकारला, दाजींचं नाव पुकारलं, तेव्हा ती उठून उभी राहिली आणि कुणी काही विचारायच्या आत म्हणाली, "साहेब, त्यांनी चोरी केली नाई."