शनिवारची दाढी

माझ्या धाकट्या भावाची दाढी दर शनिवारी दुपारी आई करायची. भाऊ आता एक्केचाळीस वर्षांचा आहे. विशीत त्याला डोक्याचा आजार झाला. आसपास कोणी नसताना कोणीतरी बोलतंय असं त्याला ऐकू येऊ लागलं, आणि ते आजही पुरतं थांबलेलं नाही. गोळ्यांनी तो शांत असतो. पण एकदा गावातल्या न्हाव्याकडे आरशातला माणूस शिवी देतोय म्हणून त्याने आरसाच फोडला. तेव्हापासून थेट चिखलीपर्यंत एकही न्हावी त्याला खुर्चीत बसवून घ्यायला तयार होईना. रविवारी चर्चमध्ये देवासमोर खुंट वाढवून जायचं नाही, हा आईचा नियम. चित्रात तर खुद्द प्रभूलाच दाढी असते, त्याला कसलं आलंय वावडं, असं मी एकदा म्हणाले होते. आईने वडिलांचा जुना वस्तरा काढला, चामड्याच्या पट्ट्यावर त्याला धार लावली आणि दाढी करायला स्वतः शिकली. या गोष्टीला पंधरा वर्षं झाली.

मी मलकापूरला शाळेत गणित शिकवते. गावी महिन्यातून एकदा जायचे आणि त्याच दिवशी संध्याकाळच्या एसटीने परत यायचे. पेपर तपासायचे आहेत, असं सांगायचे. खरं कारण भीती होती. अकरा वर्षांपूर्वी भावाने मधेच गोळ्या सोडल्या होत्या, आणि एका दुपारी स्वयंपाकघरात त्याने दोन्ही हातांनी माझा गळा धरला. माझ्या डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली तेव्हा आई आली. तिने त्याला ओढलं नाही की मारलं नाही. त्याच्या पाठीवरून हात फिरवत, सोड राजा, ताई हाय थे, एवढंच म्हणत राहिली. त्याने सोडलं आणि जमिनीवर बसून रडला. पुढचे आठ दिवस वैशाखाच्या उन्हात मी गळ्याभोवती ओढणी गुंडाळून हिंडले. आई मात्र त्याच्या ताटात गरम भाकरी वाढत होती. मला त्याच्यापेक्षा तिचाच राग जास्त आला. आमच्या चर्चची मंडळी म्हणाली, प्रीती असावी तर अशी, किती सहन करते ही बाई. मला वाटलं, सहन करायला गळा माझा होता.

यंदाच्या हिवाळ्यात आई अंगणात पाण्याच्या टाकीजवळ घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. बुलढाण्याला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी दोन महिने खाटेवरून उठायचं नाही म्हणून सांगितलं. दुसरं कोण होतं? मी रजा टाकून आले.

आल्या दिवशीच मी घरातली विळी, सुऱ्या, खुरपं, सगळं गोळा करून ज्वारीच्या कोठीत पुरून ठेवलं. मग भाजी चिरायची म्हणजे आधी कोठी उपसायची. माझ्या खोलीला आतून कडी, आणि कडीवर विश्वास नाही म्हणून दाराला टेबल लावलेलं. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो म्हणतात. मी तर पाणीसुद्धा फुंकून पीत होते. तो नुसता मागे येऊन उभा राहिला तरी मी वळून भिंतीला पाठ लावायचे. त्याने काही केलं नव्हतं. गोळ्या वेळेवर घेत होता, आईचे पाय चेपत होता. तरी माझी मान आपोआप खांद्यात जायची.

मी गुपचूप एक संस्था शोधली होती. असे रुग्ण ते कायमचे ठेवून घेतात. एकच जागा उरली होती आणि शनिवारी संध्याकाळी ते माझा होकार विचारायला फोन करणार होते. होकार द्यायचा आणि आईला नंतर सांगायचं, असं मी ठरवलं होतं.

शनिवारी दुपारी आईने खाटेवरून हाक मारली. म्हणाली, उद्या रविवार हाय, त्याची दाढी करून दे. ती दवाखान्यात असल्यामुळे आधीचे दोन शनिवार तसेच गेले होते. मी म्हटलं, अजून एक जाऊ दे. ती पुन्हा म्हणाली, उद्या रविवार हाय. शेवटी मी दुकानातून प्लॅस्टिकचा स्वस्त रेझर आणला. भावाला अंगणात स्टुलावर बसवून दोनदा फिरवला, तर दाढीच्या त्या रानात पाती अडकून रेझर जागच्या जागी थांबला. तो उठला आणि आत गेला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात वस्तरा होता.

कोठीत मी सगळं लपवलं होतं, हाच राहिला होता. तो माझ्याकडे चालत येत होता आणि माझी पाचावर धारण बसली. तो जवळ आला, मिटलेला वस्तरा त्याने दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला, आणि पुन्हा स्टुलावर बसून मान मागे टाकली.

मी साबण लावला. त्याचा गळा माझ्या हाताखाली होता आणि घामाने निथळत होते मी. एक गाल कसाबसा झाला. कानाखाली आले तेव्हा हात चुकला आणि पातं लागलं. रक्ताची बारीक धार मानेवरून बनियनवर उतरली. मी झटकन मागे सरून फाटकापाशी जाऊन उभी राहिले, पळता यावं म्हणून.

तो हलला नाही. डोळे मिटलेले, हातांनी गुडघे इतके घट्ट धरलेले की बोटांची पेरं पांढरी पडली होती. राग आवरतोय, असंच मला वाटलं. मी तिथूनच विचारलं, राग आला का रे?

"नाई," तो म्हणाला. "भेव लागून राह्यलं."

"कशाचं?"

"वस्तऱ्याचं. मले पयलेपासून लागते."

मी विचारलं, मग दर शनिवारी बसतोस कशाला?

"मायले बरं वाटते ना. म्हनून बसतो."

पंधरा वर्षांचे शनिवार किती होतात, हे गणिताच्या बाईला तोंडी यायला हवं. मला तेव्हा करवेना. एवढ्या वेळा हा माणूस उघड्या पात्यापुढे गुडघे धरून बसला होता आणि सगळे आईच्या सोसण्याचं कौतुक करत होते. मला रडू आलं. त्याच्या अर्ध्या गालावर फेस तसाच वाळत होता. उरलेलं राहू दे का, असं मी विचारलं.

"नको. कर तू," तो म्हणाला. "मी हालत नाई."

मी फाटकापासून परत आले. संध्याकाळी संस्थेचा फोन आला तेव्हा जागा दुसऱ्या कोणाला द्या म्हणून सांगितलं. काय झालं, सुधारले का ते, असं समोरच्या बाईंनी विचारलं. मी म्हटलं, नाही, आहे तसाच आहे.

चर्चमध्ये सांगतात की प्रीती पूर्ण असली की भीती निघून जाते. माझी गेली नाही. दाराला अजून टेबल असतं. पुढच्या शनिवारी मी पट्ट्यावर वस्तरा घासायला घेतला तेव्हा तो आपणहून स्टूल घेऊन अंगणात आला. आम्ही दोघंही घाबरलो होतो. त्याने डोळे मिटून गुडघे धरले, आणि मी साबण लावायला सुरुवात केली.