झुंबरबाईंचा दुसरा डोळा

मंदाकाकू झांबियात मोतीबिंदू काढायची. हे आमच्या एरंडोलकडे कुणालाही सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "म्हणजे डॉक्टरीण का?" आणि तिथूनच काकूचं डोकं फिरायला लागायचं.

डॉक्टरीण नव्हती ती. वाल्मीककाका गणिताचे शिक्षक म्हणून तिकडे गेले, तेव्हा बी.एस्सी. झालेली काकू सोबत गेली. तिथल्या आडगावांत डोळ्यांचे डॉक्टर पोचत नसत, म्हणून डॉक्टर नसलेल्यांनाच शिकवून, परीक्षा घेऊन या शस्त्रक्रियेसाठी तयार करत. काकू ते शिकली. एका दवाखान्यात तिनं वर्षानुवर्षं ते केलं. सत्त्याऐंशी साली दोघं कायमचे परत आले आणि काकूचे हात बिनकामाचे झाले.

मुंबईला डॉक्टरांच्या नोंदणीच्या कचेरीत तिला सांगितलं, तुम्ही डॉक्टर नाही. नर्सांच्या कचेरीत सांगितलं, तुम्ही नर्स नाही. तिसरीकडचे साहेब तिचं प्रमाणपत्र उजेडाकडे धरून म्हणाले, "बाई, असा प्रकारच आपल्याकडे नाही."

"प्रकार समोर बसलाय की," काकू म्हणाली. त्यांना हसू आलं नाही.

जळगावला आमच्या घरी ती चपला न काढताच बोलायला सुरुवात करायची. "डोळा तिथंही तेवढाच, इथंही तेवढाच. मग मी विमानात बसल्यावर मध्येच कुठं अडाणी झाले?"

त्यात तिच्या सासूबाई, म्हणजे माझी आजी झुंबरबाई. तिचे दोन्ही मोतीबिंदू पिकले होते. भिंतीला हात लावत ती अंगणात यायची, भांड्यातलं दूध की पाणी हे वासावरून ओळखायची. पण दवाखान्याचं नाव काढू द्यायची नाही. हट्ट एकच: शस्त्रक्रिया करायची तर सुनेनं.

"तठला लोकेस्ना डोया उघाडात, मना डोयाले काय काटा शेतस का?"

"अक्का, मला इथं परवानगी नाही."

"मी देस ना परवानगी! डोया मना शे का सरकारना?"

संतापून काकू स्वयंपाकघरात जायची आणि भांडी आपटायची.

पुढच्या हिवाळ्यात एरंडोलला नेत्रशिबिर भरलं. जळगावहून आलेले डॉक्टर धनसिंग पाटील, तरुण आणि सरळ माणूस. काकूनं त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"ताई, तुमच्या हातावर माझा अविश्वास नाही. पण उद्या कुणीही कुठल्याही देशाचा कागद दाखवील. मी कशावरून ठरवू?"

"तेच तर! ठरवायचं कशावरून, हे कुणीतरी ठरवा ना एकदाचं!"

शेवटी तिला सासूच्या उशाशी उभं राहू द्यायचं, एवढंच त्यांनी मान्य केलं. टेबलावर आजीनं पांढऱ्या कापडाखालून विचारलं, "मंदा, तुना हात शे ना?"

काकूचा हात आजीच्या कपाळावर होता. "हो अक्का, माझाच आहे," ती म्हणाली.

शिबिरात एकच डोळा केला. त्याची पट्टी सुटली, पुढे जाड भिंगाचा चष्मा आला. आजीनं आधी सुनेच्या वाळून गेलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं. "कितली वायी गई वं तू!" एवढं बोलून ती गावभर फिरली आणि दारोदार सांगत सुटली की हा डोळा मनी सूननी उघडला. आठवडाभरात काकूच्या ओट्यावर म्हातारी माणसं येऊन बसू लागली. पार्वताबाई नावाची एक म्हातारी तर थेट लांबच्या साक्रीहून, लेकीकडून शिदोरी बांधून आली. काकू एकेकाला समजावत होती, पुढच्या शिबिराचा पत्ता देत होती. कुणी हलत नव्हतं.

"सासूनं करस, आमनं नही करस," पार्वताबाई टोमणा मारून गेली.

त्या दुपारी काकूचा बांध फुटला. "अक्का, मी नाही केलं! त्या डॉक्टरांनी केलं. मी नुसतं तुमचं कपाळ धरलं होतं. आता तरी सांगा सगळ्यांना."

आजीनं चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला.

"खोटी शे तू," ती म्हणाली.

"आहे. पण तुम्ही त्याशिवाय झोपला नसता टेबलावर."

"नसतीच झोपनी." मग झाकोळलेल्या दुसऱ्या डोळ्यावर बोट ठेवून तिनं निकाल दिला, "हाऊ आते तुन्हासाठे ठेवसू. तुले कागद मियी, तव्हय कर."

"अक्का, तो कागद मिळणार नाही! दोन देशांनी बसून एकमेकांचं शिक्षण मोजायला हवं, ते या जन्मी होईल का? डोळा वाया जाईल."

"एक शे ना माले."

काकू तावातावानं जळगावला आली आणि डॉक्टर पाटलांना घेऊन परत गेली. आजीनं त्यांना चहा दिला, त्यांच्या मुलाबाळांची चौकशी केली आणि हात जोडून परत पाठवलं.

यंदा मी गेले तेव्हा काकू मुंबईला पाठवायचा आणखी एक अर्ज लिहीत होती. आता तिला स्वतःसाठी काहीच नको होतं. सासूच्या हट्टापायी लिहीत होती, आणि लिहिताना दात-ओठ खात होती. आजी शेजारी बसून, मान जरा वाकडी करून, एका डोळ्यानं हरभरे निवडत होती.