रविवारचं डोकं, मंगळवारचं डोकं

माझी बायको गेली त्याला दोन वर्षं होत आली. लोक विचारतात कशानं गेली, मी सांगतो किडनीनं. मग ते मान हलवतात आणि पायाची सूज, पाणी तोडणं, मीठ तोडणं असलं काहीबाही बोलतात. किडनी डोक्यालाही धरते हे कुणी बोलत नाही, कारण कुणाला ठाऊकच नसतं. मलाही नव्हतं. म्हणून तर मी वर्षभर त्या बाईवर खेकसत राहिलो.

आम्ही मुदखेडचे. मी रेल्वेत गँगमन होतो, रूळ ठोकण्यात जन्म गेला. शाळा चौथीपर्यंत. ती तेवढीही नाही. पण स्टेशनाबाहेरच्या रस्त्याला तिची फुलांची बैठक तीस वर्षं होती, आणि लग्नाचा हार घ्यावा तर तिच्याच हातचा, असं आजूबाजूच्या गावांत धरून चाललेलं. चार गुलछडी, एक गुलाब, पुन्हा चार गुलछडी, एक गुलाब, खाली झेंडूचा गोंडा. नवरा-नवरीचे दोन्ही हार सारखे उतरले पाहिजेत. ती कधी मोजायची नाही, वीत लावायची नाही. तोंडानं गिऱ्हाइकाशी भांडण चालू, हातानं हार चालू. जोड खाली ठेवली की एका मापाची.

त्या जोडीतच पहिल्यांदा बिघाड दिसला. एका लग्नात नवरदेवाचा हार गुडघ्याखाली लोंबला आणि नवरीचा छातीवरच संपला. नवरदेव आधीच बुटका. नवरीचा मामा म्हणाला, "जावई वाढत्या अंगाचा हाय, म्हणून मोठा घेतलाय." सगळा मांडव हसला, मीही हसलो. ती हसली नाही. घरी येऊन रिकामा दोरा हातात धरून बसली आणि बोटं हलवून बघत राहिली.

किडनीचं दुखणं तेव्हा चार वर्षांचं झालं होतं आणि डायलिसिस नुकतंच लागलं होतं. सोमवारी आणि गुरुवारी सकाळच्या गाडीनं नांदेडला जायचं. रक्त बाहेर काढायचं, मशीननं धुवायचं, परत अंगात सोडायचं. ती त्याला धुणं म्हणायची. उद्या माझं धुणं हाय, असं सगळ्या गल्लीला सांगायची. बायका विचारायच्या, मग आमचे चार कपडेबी टाकता का?

हाराच्या त्या प्रकारानंतर मला एकेक दिसायला लागलं. बोलता बोलता शब्द हरवायचा. विळीला ती "ते, कापायचं" म्हणायची. चहा चुलीवर ठेवून पत्तीच टाकायची नाही आणि गरम दूध-पाणी माझ्या पुढ्यात ठेवायची. दिवसा पेंगायची, रात्री टक्क जागी. मी ओरडायचो की तुझं ध्यान कुठं असतं. एकदा तिनं शांतपणे सांगितलं, "ध्यान हितंच हाय. डोस्क्यावर कुणी ओली गोधडी टाकल्यावानी होतंय. आत मी हाय, पर हाक बाहेर जात न्हाई."

हे ऐकून शहाण्या माणसानं दवाखान्यात विचारलं असतं. मी बदाम आणले. डोक्याला बदाम चांगले, हे चौथी शिकलेल्यालाही माहीत असतं. रोज रात्री भिजत घालायचे, सकाळी सोलून द्यायचे, वर ताकदीसाठी नारळपाणी. आठ दिवस मोठ्या मायेनं चाललं. नवव्या दिवशी तिची छाती धडधडायला लागली, अंग गळालं, आणि नांदेडला रातोरात भरती करावं लागलं. तिथली डॉक्टरीण तरणी पोरगी. नारळपाण्याचं ऐकून तिनं हातातला पेन खाली ठेवला. किडनी गेलेल्या माणसाला नारळपाणी म्हणजे विष, बदामही नको, एवढं सांगून म्हणाली, "आजोबा, तुम्ही इलाज करून राहिले का घात?"

बायको खाटेवरून म्हणाली, "बाई, त्यांना बोलू नका. माणूस वाईट न्हाई, नुसता अडाणी हाय."

ही भरती कळली तसा पोरगा लातूरहून आला. तो तिथं सरकारी कचेरीत आहे, तिसऱ्या मजल्यावर घर आहे. हाराचं हसंही त्याच्या कानावर गेलं होतं. त्यानं ठरवूनच टाकलं की मायला म्हातारचळ लागलाय, आता बैठक बंद, तिला लातूरला न्यायचं. धुणं तिथंही होतं. पोरगा वाईट बोलत नव्हता. लोक मायला हसतात हे त्याच्या जिवाला लागलं होतं. पण बायकोचं तोंड उतरलं. मला ती एवढंच म्हणाली की तिसऱ्या मजल्यावर मला कोण हार मागायला येणार. ती बैठक गेली तर ही बाई उरलेलं डोकंही टाकून देईल, हे मला तिच्याकडं बघून कळलं. त्या दिवसापासून मी तिच्या बाजूनं झालो. उशिरा झालो, पण झालो.

मीच डॉक्टरणीला म्हणालो, हिचं डोकं तपासा आणि काय ते पोराला सांगा. तिनं कागद दिला, घड्याळ काढा म्हणाली. बायकोनं छान गोल काढला, कडेनं बोट फिरवलं आणि परत दिला. भाकरी झाली होती. मग शंभरातून सात-सात कमी करायला सांगितलं. बायको माझ्याकडं बघायला लागली. पोरानं डोळे मिटले.

मी म्हणालो, "मॅडम, हिनं जन्मात घड्याळ वापरलं न्हाई. गाडीच्या भोंग्यावर हिची वेळ. हे इस्कूलचं गणित तिला ठणठणीत असतानाबी आलं नसतं. तिला फुलं द्या."

डॉक्टरीण हसली, पण "हाव", म्हणजे हो, म्हणाली. असले प्रश्न शिकलेल्यांनाच जास्त लागू पडतात, हे तिनंच कबूल केलं. त्या गुरुवारी धुण्याच्या आधी मी टोपलीभर फुलं नेली. बायकोनं मांडीवर फडकं टाकून हार धरला. तिसऱ्या गुलाबाला अडखळली, पाच गुलछडी घातल्या, मग दोनच. शुक्रवारी पुन्हा नेली. शुक्रवारी सगळा हार चार-एक, चार-एक उतरला आणि वर नर्सबाईंच्या अंबाड्यासाठी एक गजरा.

तेव्हा त्या पोरीनं आम्हाला बसवून सांगितलं. किडनीनं जी घाण बाहेर टाकायची ती रक्तातच साठते आणि मेंदूतही फिरते. त्यानं माणूस वेडा होत नाही, पण मंद होतो, ध्यान निसटतं, शब्द सापडत नाहीत. शिवाय रक्त कमी, झोप मोडकी, आणि बीपीनं मेंदूतल्या बारीक नळ्याही खराब होतात. धुण्यानं यातलं काही परत येतं, काही येत नाही. धुण्याच्या दुसऱ्या दिवशी डोकं लख्ख, पुढच्या धुण्याच्या आदल्या दिवशी गढूळ.

मला ते माझ्या धंद्यातलं वाटलं. रुळाखालच्या खडीत चिखल भरला की वरून रूळ शाबूत दिसतो, पण गाडी हळू काढावी लागते. आतले प्रवासी ड्रायव्हरला शिव्या देतात. मी वर्षभर ड्रायव्हरला शिव्या देत होतो.

पोरानं सगळं ऐकून घेतलं. पण त्याचा एक सवाल राहिलाच. म्हणाला, दिवस गढूळ आहे हे आबांना कळेल, डॉक्टरला कळेल, मायला स्वतःला कळेल का? नाही कळलं तर पुन्हा कुणाच्या तरी मांडवात हसं. म्हणून त्यानं रविवारची बस धरायची ठरवली आणि तिचं बोचकं बांधलं.

रविवारी ती सकाळीच बैठकीवर जाऊन बसली. साधे झेंडूचे हार ओवत होती, एक रंग, एक माप. मी शेजारी. पोरगा बोचकं घेऊन मागं उभा. तेवढ्यात बारडकडचा एक माणूस मोटरसायकल लावून आला. संध्याकाळचं लग्न, हाराची जोड पाहिजे, मोठी, गुलछडीची. अशी मागणी तिनं तीस वर्षांत परत धाडली नव्हती. तिनं सुईकडं बघितलं, मग टोपलीतल्या गुलाबांकडं. मी गप्प बसलो. लई कठीण होतं गप्प बसणं.

"आज न्हाई जमायचं," ती म्हणाली. "उद्या माझं धुणं हाय. आज डोस्कं गढूळ हाय. समोरच्या बाईकडून घ्या, ती चांगला करती."

समोरच्या बाईला चांगली म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. त्या दोघी पंधरा वर्षं बोलत नव्हत्या.

तो माणूस हटेना. तुमच्याच हातचा पाहिजे, घरून तसं सांगितलंय, असं म्हणत राहिला.

"माझ्याच हातचा पायजे तर लगीन मंगळवारी लावा."

तो माणूस खो खो हसला आणि समोर गेला. मागं पोरगाही हसत होता, पण त्याचे डोळे भरले होते. त्यानं बोचकं तिच्या शेजारी ठेवलं, मांडी घालून बसला आणि तिनं न मागता तिला झेंडूचं एकेक फूल हातात देऊ लागला. ती म्हणाली, देठ तोडून दे, कचेरीत काय शिकवलं तुला?

संध्याकाळच्या बसनं तो लातूरला परतला. एकटाच. जेवताना तिनं विचारलं, पोरगं कुठंय? मी म्हणालो, गेलं. हात धुताना पुन्हा विचारलं. अंथरुणावर पडल्यावर तिसऱ्यांदा. मी आवाज न चढवता तिसऱ्यांदाही सांगितलं, हाव, गेलं, तू हितंच हायस, आणि मंगळवारी दोन जोड्या करायच्यात.